जयवंताची तपासणी वही

सिंधुबाई कुट्टीच्या मशीनमध्ये उसाचं वाढं सारत होती आणि वाढ्याच्या दुप्पट शिव्या हासडत होती. शिव्या दूध संस्थेच्या पहिल्यापासनंच्या चेअरमनला, आबासाहेबाला होत्या. चैताचं ऊन सकाळी नवालाच चावायला लागलं होतं. ओढ्याकडची चोपण जमीन मीठ फुटून पांढरी पडली होती, गोठ्यात म्हशी धापा टाकत होत्या आणि समोर बाजेवर प्रगती मोबाईल धरून बसली होती.

प्रगती वाडीचीच लेक. बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. अंथुर्ण्याच्या अलीकडच्या या एवढ्याशा वाडीच्या दूध संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपायचं, जुने कागद गोळा करायचं काम तिच्याकडं आलं. पोर कामाला इमानी. पण पंधरा दिवस घरोघर हिंडून तिला घरोघर थापाच मिळाल्या. उभ्या जन्मात ज्यांनी शेणाला हात लावला नव्हता, ती माणसं मोबाईल समोर धरला की एकदम संस्थेचे आधारस्तंभ होत होती. एकानं तर पहिली दुधाची गाडी आपणच आणली म्हणून सांगितलं. त्या साली तो पाळण्यात होता.

सिंधुबाईनं मशीन बंद केलं. "आबासाहेब काय म्हनला, ते पुन्यांदा लाव."

प्रगती अवघडली, तरी तिनं लावलं. मोबाईलमधनं आबासाहेबाचा तुपट आवाज आला: "पयला सचिव जयवंता. मानूस गरीब, पर हात चांगला नव्हता. क्यानात पानी सारायचा. बारामतीची गाडी क्यानं माघारी धाडायला लागली, तवा म्या काळजावर दगड ठिवून त्याला काढला. तितनं फुडं संस्था जी हुभी ऱ्हायली..."

"बास. ह्ये छापनार तुमी?"

"चौघांनी असंच सांगितलंय, आजी. तुम्ही खोटं म्हणता, मला पटतंय. पण काही कागद असेल तर दाखवा. मी तोही छापीन."

"चौघं!" सिंधुबाई थुंकली. "त्या चौघांना आबासाहेबानं शिंकायला सांगितलं तर पडसं आणत्याल."

जयवंता तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण सचिवपदावरनं त्याला काढलं त्या दिवसापासनं तिच्या घराला 'पाणीवाले' हेच नाव पडलं. पाणीवाल्याची म्हैस, पाणीवाल्याचं रान. लेक अविराजला शेळगावची पोरगी बघायला गेले, तर तिथंही आधी विचारलं, पाणीवाले ते तुम्हीच का? तोंडचं बोलणं एक दिवस विरेल, या आशेवर तिनं दिवस काढले. आता ते छापून नातवंडांच्या हातात जाणार होतं.

आणि कागद होता. तिच्याच पत्र्याच्या पेटीत, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेला. जयवंताची तपासणी वही. रोज कुणाच्या दुधात लॅक्टोमीटर घातला, किती डिग्री लागली, दूध घेतलं की परत केलं, सगळं त्यानं बारीक अक्षरात टिपलेलं. ज्या सभेत त्याला काढलं, तिथं तो ती वही काखेत घेऊन गेला आणि तशीच काखेत घेऊन माघारी आला. उघडली नाही. कारण घरातनं निघताना सिंधुबाईनंच त्याला सांगितलं होतं, "वही उघडलीसा तर म्या हीर जवळ करीन."

त्या वहीत तिचंही पान होतं. म्हणून ती एवढी वर्षं गप्प होती. आबासाहेबाला दिलेल्या शिव्यांतल्या निम्म्या आपल्यालाच लागू आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं तिचा जीव आणखीच जळायचा.

रविवारी प्रगतीनं संस्थेच्या शेडात म्हाताऱ्यांची बैठक लावली. लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं, चुकलं तर सांगायचं. सिंधुबाई पेटी उघडायला लागली तसा अविराज आडवा आला.

"आई, कशाला? आता कोन काय म्हनतंय?"

"तू कायबी म्हनू नगंस, म्हंजी झालं," म्हणत ती वही पदराखाली धरून चालायला लागली.

शेडात मधल्या खुर्चीवर आबासाहेब. ऐंशीचा म्हातारा, पण धोतराची घडी अशी, की जणू चेअरमनकी नेसूनच बसलाय. बाकीचे सतरंजीवर, माना डोलवायला तयार. प्रगतीनं वाचता वाचता पहिल्या सचिवाचं नाव घेतलं आणि सिंधुबाई उभी राहिली.

"थांब पोरी. मोबाईल चालू ऱ्हाऊंदे."

"वैनी, बसा," आबासाहेब गोड हसला. "झालं गेलं. मानूस ग्येलाय त्यो."

"मानूस ग्येलाय, म्हनूनच तुमाला रेटून बोलाय येतंय."

तिनं वही उघडली. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण हे पान तिला पाठ होतं. नवऱ्याचं नाव तिनं आजवर चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं.

"सौ. सिंधुबाई जयवंता सपकळ. म्हैस. डिग्री बावीस. पाणी आहे. दूध परत."

"ती मी," सिंधुबाई म्हणाली. "पोरानं रडून रडून दूध पिलं, माप भरंना, म्हनून म्या तांब्याभर पानी घातलं. समदी गेल्यावर चोरावानी दूध आनलं. वाटलं, नवरा हाय, घील. ह्यांनी लॅक्टोमीटर घातला, माज्याकडं बगितलं न्हाय, वहीत लिवलं आन् चरवी माघारी दिली. चार दीस म्या बोलले न्हाय त्यांच्यासंगं. आन् सभेच्या दिशी वही उघडू दिली न्हाय, माजी लाज वाचवायला. ज्यो बायकूचं दूध घेत न्हाय, त्यो तुमच्या क्यानात पानी घालील? बोला की!"

म्हाताऱ्यांनी खाली मान घातली. हीच माणसं त्या सभेतही अशीच बसली होती. वय वाढलं होतं, पाठीचा कणा काही आला नव्हता.

"म्हंजी," आबासाहेबाला एकदम हुरूप आला, "पानी तुमी घालत हुता! ऐकलं का रं? तिच्या तोंडानं सांगितलं तिनं!"

"घातलं. एकदा. आता फुडलं पान तुमी वाचा. चष्मा देऊ का?"

आबासाहेबानं वहीला हात लावला नाही. मग प्रगतीनं वाचलं. आबासाहेबाच्या नावापुढं रोज एकच ओळ होती: चेअरमनच्या हुकमानं न तपासता क्यानात ओतलं. अठरा दिवस तीच ओळ, आणि शेजारीच नोंद, त्या त्या दिवशीची क्यानं बारामतीहून माघारी आल्याची.

"खोटी वही हाय!" आबासाहेब उठला. "त्येनं मागनं लिवली आसंल. आसलं कायबी छापलं तर येक रुपाया मिळनार न्हाय स्मरनिकंला!" आणि काठी आपटत तो गेला. त्याच्यामागं सतरंजीवरचेही एकेक उठले. एकानं फक्त पायताण घालताना "खरं हुतं गं" एवढं पुटपुटलं, तेही पायताणालाच सांगितल्यासारखं.

महिन्यानं स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पानोपानी आबासाहेब: हार घालताना, हार घेताना, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. म्हैस तेवढी खरी वाटत होती. प्रगती प्रत घेऊन गोठ्यात आली ती रडकुंडीलाच.

"आजी, मी सगळं लिहून दिलं होतं, वहीच्या दोन्ही पानांच्या फोटोंसकट. आबासाहेबांनी ऐन वेळी काढून टाकलं. सचिवाचं प्रकरणच नाही. वहीचं एकच पान छापलंय. मुद्दाम."

सिंधुबाईनं हात पदराला पुसले आणि पान बघितलं. तिचंच पान. अख्ख्या पानभर फोटो. खाली आबासाहेबानं ओळ घातली होती: 'सुरुवातीच्या काळात काही उत्पादक दुधात पाणी घालीत.' तिचं नाव कुणालाही वाचता येईल एवढं ठळक होतं. अठरा दिवसांचं पान कुठंच नव्हतं.

तिचं बोट नावावर थांबलं नाही. 'दूध परत'वरनं खाली सरकलं आणि कोपऱ्यावर टेकलं. तिथं सही होती, वळणदार: ज. रा. सपकळ, सचिव.

"किती छापल्यात?"

"पाचशे. घरटी एक. शिवाय तालुक्याला वाटणार आहेत."

सिंधुबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

"आबासाहेबाला अक्कल न्हाय ती न्हायच," ती म्हणाली. "मला नागवी करायला निघाला, आन् बायकूचं दूध माघारी धाडनारा सचिव कसा व्हता, त्ये घरटी वाटून मोकळा झाला. आता आनखी चार परती आनून दे. शेळगावला धाडायच्यात, सुनंच्या म्हायेरी."