लाल गळ्याचा नमुना

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. येतो तसा उतरतोही. हा मात्र उतरला नाही.

मी खापरखेड्याला पाणी तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. जागा, तारीख, वेळ लिहिल्याशिवाय मी बाटलीत थेंब भरत नाही. दोन जानेवारीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, क्वार्टरमागच्या नाल्याकाठी बेशरमच्या झुडपात मला एक पाखरू दिसलं. चिमणीएवढं, मातकट, पांढरी भुवई, आणि गळा तिखटाचं बोट लागल्यासारखा लाल. पुस्तक काढून ताडून पाहिलं. सायबेरियन रुबीथ्रोट. थंडीत हा तिकडं आसाम-बंगालकडं उतरतो. आमच्या नाल्यावर त्याचं काय काम? वाट चुकला होता. मी वहीत लिहिलं आणि केशव सरांना कळवलं.

केशव देशकर शहरात, सदरला राहतात. जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी त्यांच्या ताब्यात असते. कुणाला दिसलेलं पाखरू खरं आणि कुणाचं खोटं, हे तेच ठरवतात.

"फोटो?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पण पाच मिनिटं समोर होता."

"उत्साहात होतं असं, मॅडम. शिंजीर असेल."

शिंजीर! तो मध प्यायला माझ्या जास्वंदीवर रोज येतो, त्याला मी ओळखणार नाही? मी इरेला पेटले. रोज वेळ लिहून पाठवत गेले आणि शेवटी नकाशावरची जागाच पाठवली. म्हटलं, या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

अकरा तारखेला ते आले. फोटो काढला आणि संध्याकाळी पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला: जिल्ह्यातली पहिली नोंद, केशव देशकर. माझं नाव कुठंच नव्हतं. जागा मात्र बरोब्बर दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून नाल्यावर गाड्यांची रांग लागली. पाखरू झुडपाबाहेर येईना, म्हणून सरांनी फांदीला स्पीकर बांधला आणि त्याच्याच जातीच्या नराचं गाणं लावलं. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं समजून तो बाहेर धावायचा, छाती फुगवून गायचा, नसलेला शत्रू शोधत फिरायचा. एक टोळकं फोटो काढून गेलं की दुसरं यायचं, की पुन्हा तेच गाणं. किडे टिपायला त्याला उसंत कुठली?

संक्रांतीच्या दिवशी तर जत्रा भरली. शेजारच्या कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "काहून गा, त्याले काही खाऊ देसान का नाही?"

सगळे हसले. मी सरांना हात जोडले.

"दोनच मिनिटं, मॅडम. पाहुणे पुण्याहून आले आहेत."

पंधराला सकाळी ते नाल्याकाठी मेलेलं सापडलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. लॅबच्या काट्यावर भरलं चौदा ग्रॅम. पुस्तकात वीसच्या वर लिहिलंय. छातीचं हाड बोटाला टोचत होतं. मी काट्यासमोर उभी राहून रडले. मग स्टीलच्या डब्यात ठेवलं, लेबल लावलं आणि घरी फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीवर ठेवून दिलं.

रविवारी केशव सर घरी आले. मी चहा विचारला नाही.

"लेख लिहितोय," ते म्हणाले. "नमुना संग्रहालयात गेला तर लेखाला वजन येईल. तुमची दोन तारीख मान्य करतो. पहिलं नाव तुमचं."

खोटं कशाला बोलू, मला ते नाव हवं होतं. मी डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. ते लेबल वाचू लागले. जात, जागा, तारीख, वजन. त्याखाली: 'मृत्यूचं कारण: तीन दिवस स्पीकरवर गाणं लावून दमवलं, खाऊ दिलं नाही. लावणारे: केशव देशकर आणि इतर.'

"ही शेवटची ओळ काढा, मॅडम. कारण लिहायचंच तर मांजा लिहा. संक्रांत होती, सगळ्यांना पटेल."

मांजा! माझं डोकंच फिरलं. ते नखानं लेबलचं टोक उचलू लागले, तशी मी डबा हिसकावला.

"आमच्या लॅबमध्ये लेबल फाडणाऱ्याले घरी बसवतात, सर! नेता तर असाच न्या."

"असं मेलेलं पाखरू घरात ठेवणं गुन्हा आहे," त्यांचा आवाज चढला. "वनखात्याला कळलं तर?"

"तुम्ही काहून तरास घेता? उद्या मीच नेऊन देते."

ते फाटकापर्यंत मागे वळून वळून मॅडम, मॅडम करत राहिले. मी दार लावून घेतलं.

सोमवारी रजा टाकली, डबा बर्फात ठेवून स्कूटीवरून वनखात्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी जाडजूड रजिस्टर उघडलं.

"आणणाऱ्याचं नाव?"

सांगितलं. कधी दिसलं, तेही वही उघडून सांगितलं. दोन जानेवारी, सात दहा. त्यांनी लिहून घेतलं. फोटो मागितला नाही.

"मृत्यूचं कारण?"

मी डबा त्यांच्याकडे फिरवला. त्या एकेक अक्षर उतरवत गेल्या आणि नावापाशी थांबल्या.

"हे केशव देशकर कोण?"

"जिल्ह्यात हे पाखरू पहिल्यांदा त्यांनाच दिसलं," मी म्हटलं. "लिहा. नाव पूर्ण लिहा."