संपर्क : श्री. रायबा ढेबे

मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. हसू नका मित्रांनो, आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे पिकलं पान. तुमच्या घरातलं जातं शंभर वर्षं टिकतं, पाटा तीन पिढ्या पाहतो. आमचं तसं नाही. आम्हाला वापरून झिजण्याचं सुख नसतं. आमच्याकडे कुणी बघेनासं झालं की आम्ही म्हाताऱ्या होतो.

माझा जन्म महाडात झाला, मंगेशच्या दुकानात. मंगेश लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि निवडणुकीचे बॅनर करायचा, मधल्या फावल्या वेळात त्याने मला केलं. चार हजार रुपये आणि एक किलो तूप, एवढी माझी किंमत. त्यातलं तूप त्याने आधी मागून घेतलं होतं.

मला करून घेतलं ते रंजिताने. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर सात घरांची वाडी आहे, तिथली ती सून. घरात पाच म्हशी. रंजिता आणि तिची सासू विठाबाई लोणी कढवून तूप करायच्या. ते इतकं रवाळ आणि खमंग, की कढवण असलं की खालच्या वाटेने जाणाऱ्यालाही कळायचं. नवरा विनोद महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टवर जायचा आणि आठवड्यातून एकदा मोटरसायकलने घरी यायचा. जवळच्या तळीये गावावर दरड कोसळल्यापासून पावसाळा आला की त्याचा जीव थाऱ्यावर नसे. म्हशी विकू, महाडात खोली घेऊ, हा त्याचा धोशा. रंजिताचं म्हणणं एकच होतं, की तूप खपलं तर आपण इथे राहू शकतो. त्या भांडणातून माझा जन्म झाला.

माझ्या पहिल्या पानावर सासऱ्यांचा, म्हणजे रायबांचा फोटो आहे. डोक्याला मुंडासं, शेजारी चांदी नावाची म्हैस. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे आणि फोटोत ती रायबांपेक्षा ऐटीत उभी आहे. खाली लिहिलं आहे, ‘संपर्क : श्री. रायबा ढेबे’, आणि पुढे त्यांचा नंबर.

मंगेशने तेव्हाच विचारलं होतं, की वहिनी, नंबर तुमचा टाकू ना? रंजिता लाजून म्हणाली होती, “घरात मोठं मानूस असताना माजा कसा टाकायचा? आबांचाच टाक.” झालं. कर्त्या माणसाचा मान राहिला आणि माझ्या नशिबाचा निकाल लागला.

सुरुवातीचे दिवस फार गोड गेले. विनोदने मला कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवलं. मुंबईच्या भावकीने अंगठे पाठवले. कुणी म्हणालं, रायबा तर आता जगभर पोचला. रायबांनी मात्र मला कधी पाहिलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि बटणांचा फोन त्यांनी कापडी पिशवीत घालून घराच्या खांबाला टांगून ठेवला होता. वाडीत रेंज येत नाही. ती मिळते टेपावरच्या, म्हणजे वाडीमागच्या टेकाडावरच्या कातळावर, नाहीतर खाली पोलादपुरात. बाजाराच्या दिवशी रायबा फोन बरोबर न्यायचे. खाली उतरलं की तो टिंगटिंग वाजायचा. ते कुणाला तरी विचारायचे, तो वरचा एक मेसेज बघून सांगायचा, कंपनीचा आहे, रिचार्ज संपतोय. रायबा फोन पुन्हा पिशवीत घालायचे. सासऱ्याच्या फोनला सुनेने हात लावायची रीत त्या घरात नव्हती.

मित्रांनो, आता माझं दुःख सांगते. माझ्याकडे लोक येत होते. रोज नाही, पण येत होते. पनवेलहून, ठाण्याहून, एकदा तर नागपूरहून. फोटो पाहायचे, तुपाची माहिती वाचायचे आणि नंबर दाबायचे. मी आनंदाने त्यांना पुढे पाठवायची, आणि ते लगेच निघून जायचे. पुन्हा कुणी फिरकायचं नाही. त्यांना पलीकडे काय ऐकू येत होतं, ते मला कळत होतं. पण मला सांगणार कोण आणि ऐकणार कोण? उंबऱ्यावर आलेला पाहुणा हाका मारून परत जातो आणि आपल्याला तोंड नाही, असं चार वर्षं चाललं.

घरात तुपाचे डबे साठत गेले. रंजिता रोज संध्याकाळी टेपावर जाऊन मला उघडायची, वरपासून खालपर्यंत बघायची, आणि घरी आली तरी मी तिच्या फोनमध्ये उघडीच असायची. त्यामुळे घरातलं बोलणं मला ऐकू यायचं. माझ्याबद्दलचंही. “सस्तातली घेतली, म्हनून ही अशी निघाली,” ती एकदा सासूला म्हणाली. मला फार लागलं ते.

मग एका संध्याकाळी ती टेपावर असताना, कुठून तरी नंबर मिळवून पुण्याच्या एका वेबसाइटवाल्याने तिला फोन केला. गोड बोलणारा माणूस. मॅडम, तुमची साइट जुनाट दिसते म्हणून गिऱ्हाईक येत नाही, म्हणाला. त्याच्याकडे तीन दर होते. अठरा हजारांत साधी, पंचेचाळीस हजारांत बरी, आणि ऐंशी हजारांत अशी की शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तीच दिसणार. रंजिता पंधरा दिवस झुरली. अठरावाली म्हणजे पुन्हा माझीच बहीण. पंचेचाळीसवर तिचं मन बसलं होतं. पण विनोदने बजावलं, “करायची तर येकदाच नीट कर. यंदा नाय जमलं तर म्हशी इकायच्या, मंग माज्याशी वाद नाय घालायचा.” मग तिला पंचेचाळीसही कमी वाटू लागले. पण ऐंशी आणायचे कुठून? घरात ऐंशी हजारांची एकच वस्तू होती. चांदी. म्हशीची किंमत जेवढी, तेवढाच वेबसाइटचा खर्च ठरला.

चांदी विकायचं ठरलं. सोमवारी व्यापारी येणार होता. त्या दिवसांत रायबा चांदीला अंमळ लांबच्या कुरणात चारायला नेत.

शनिवारी दुपारी वाडीत एक अनोळखी बाई घामाघूम होऊन चढून आली. नाव अंकिता, माहेर महाडजवळचं नाते गाव, सासर पनवेल. बहिणीचं बाळंतपण होतं, डिंकाच्या लाडवांना म्हशीचं चोख तूप हवं होतं. माझ्यावरचा फोटो दाखवत तिने पोलादपूरच्या स्टँडवर चौकशी केली होती आणि विचारत विचारत वर आली होती. पाणी पिऊन झाल्यावर ती रायबांना म्हणाली, “काका, फोन बंद ठेवता का तुम्ही? नऊ वेळा लावला मी.”

रायबांना राग आला. “माजा फोन बंद नसतो. त्याच्यावर कुनाचा फोन आलाच नाय कदी.”

आपण खोटं बोलतोय असं म्हाताऱ्याला वाटतंय, हे अंकिताला टोचलं. पटत नसेल तर आत्ता लावून दाखवते, ती म्हणाली. रंजिता दोघांना घेऊन टेपावर गेली. रायबांचा फोन घरी खांबालाच होता. कातळावर उभं राहून तिने मला उघडलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरच्या माणसाने माझ्यावरचा नंबर दाबला. आवाज मोठा केला. एक बाई शांतपणे बोलू लागली, “आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.”

रायबा फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “ही कोन गो बाई? मी हितं हुबा हाय, आनि ही सांगते मी नाय?”

कुणाला हसू आलं नाही. रंजिता धावत जाऊन खांबावरची पिशवी घेऊन आली आणि पहिल्यांदाच त्या फोनला हात लावायची परवानगी मागून तिने मेसेज उघडले. रिचार्जचे होतेच. पण त्यांच्या खाली ओळीने वेगळे मेसेज होते. अमक्या नंबरावरून तुम्हाला फोन आला होता, तमक्या नंबरावरून आला होता. ती खाली सरकवत गेली तरी ते संपेनात.

“आबा, ही समदी मानसं हायत. तुमाला फोन करनारी.”

“यवढी?” रायबा कातळावर बसले. सगळे नंबर वाचून दाखव म्हणाले. तिने वाचले. त्यांना आकडे काय कळणार, पण ते प्रत्येक नंबराला मान हलवत होते, जणू दारातून परत गेलेल्याची माफी मागत होते.

नंबर संपले. पुढचं वाक्य तिच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. सासऱ्याचा नंबर काढा, असं सून कशी म्हणणार? रायबांना ते कळलं. “रोग रेड्याला नि अवषध पखालीला चाललं व्हतं आपलं,” ते म्हणाले. “माजा नंबर काड. तुजा टाक. नि त्या येपाऱ्याला सांग, येऊ नको.”

अशा रीतीने नव्या वेबसाइटचा खर्च वाचला. मंगेशने एक ओळ बदलली आणि पाच मिनिटांच्या कामाचे काय पैसे घ्यायचे म्हणाला. आता माझ्यावर रंजिताचा नंबर आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळेतच फोन लागेल.’ लोक त्या वेळेला फोन करतात. साठलेले डबे गेले, चांदी गोठ्यात आहे, विनोदने खोलीचा विषय निदान यंदा तरी काढलेला नाही.

माझं म्हणाल तर मी पूर्वीपेक्षाही एकटी आहे. एकदा नंबर मिळाला की गिऱ्हाईक परस्पर फोन करतं, मला कोण उघडतो? रंजितालाही आता माझ्याकडे बघायला सवड नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार नाही. माझ्यापायी एक म्हैस जायची होती, आणि ती वाचली, हे काय थोडं झालं?

माझ्या जिवाला घोर आहे तो दुसराच. रायबा आता रोज संध्याकाळी आपला फोन घेऊन टेपावर येतात आणि सुनेचं बोलणं संपेपर्यंत कातळावर बसून राहतात. परवा त्यांनी विचारलं, “माज्यावर कुनी फोन केलता का गो आज?” रंजिता म्हणाली, “नाय आबा.” ते बरं म्हणाले आणि उठले. पूर्वी निदान माणसं त्यांना शोधत तरी होती, त्यांना ते कळत नव्हतं एवढंच. आता त्यांना कळतं, आणि कुणी शोधत नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणं मागते. नवं काही विकत घेण्याआधी आपल्याच दाराची कडी एकदा बाहेरून वाजवून बघा, हे तर खरंच. पण तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस असेल, आणि त्याचा नंबर तुमच्याकडे असेल. मी नुसता नंबर दाखवू शकते, मला तो लावता येत नाही. तुम्हाला येतो. ती बाई संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणाली, तर तिचं ऐकू नका. पुन्हा लावा.