मेलाइनाच्या वेशीतले शब्द

दामोनने जवाची भाकरी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि डोळे मिटून बापाचे शब्द म्हणायला घेतले.

या घटकेसाठी इतिहासकार फिलाग्रोस उतारवयात होडीत ओकाऱ्या काढत या बेटावर आला होता. मेलाइना गाव बेचिराख झालं त्या दिवशी दामोनचा बाप वेशीत शत्रूच्या सेनापतीला सामोरा गेला होता. बाप काय बोलला, हे ऐकलेला दामोन एवढा एकच माणूस आता जिवंत होता. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून आल्याशिवाय काही लिहायचं नाही, हा फिलाग्रोसचा हट्ट. हे भाषण तेवढं, साक्षीदारच मिळेना म्हणून, त्याने प्रसंगाला शोभेलसं स्वतः रचून ग्रंथात घातलं होतं. ते त्याला वर्षानुवर्षं खात होतं. आज खरे शब्द मिळणार होते.

"सेनापती," दामोन म्हणाला, "आज तुम्ही बलवान आहात. परंतु बळ हे पाहुण्यासारखे असते. ते कोणत्याही घरी कायमचे राहत नाही."

फिलाग्रोसने लेखणी खाली ठेवली. आतापर्यंत हा गडी बेटावरच्या कोळ्यांचं बोलत होता, आणि याचा कोळी बाप अथेन्सच्या न्यायसभेतलं बोलतोय? ती पाहुण्याची उपमा तर फिलाग्रोसनेच आपल्या अंगणात बसून, खोडून खोडून जुळवली होती.

"हे तू कुठं ऐकलंस?"

"कुठं म्हंजी? वेशीत. बाच्या अंगाला अंग लावून हुबा हुतो की."

"ऑलिंपियाच्या जत्रेला गेला होतास कधी?"

"गेल्तो. कोन अथेन्सवाला मेलाइनाचंच वाचत हुता. गर्दीत तोंड दिसंना त्येचं, पर रोज जाऊन ऐकलं. लई रडलो बघा."

जत्रेत आपला ग्रंथ वाचणारा तो अथेन्सवाला म्हणजे फिलाग्रोस स्वतःच. नको विचारूस, असं मन सांगत होतं, पण जन्माची खोड सुटते थोडीच!

"आणि ते ऐकण्याआधी? तेव्हा बापाचं काय आठवायचं तुला?"

दामोनने तोंड उघडलं. पुन्हा ते "सेनापती"च ओठांवर आलं. कपाळाला आठ्या घालून त्याने आणखी मागचं आठवून पाहिलं, आणि बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कायतरी हुतं," तो पुटपुटला. "बारकंच हुतं. त्या सेनापतीला न्हवं, माज्याकडं वळून म्हनाला हुता बा..."

त्याने फिलाग्रोसचं मनगट घट्ट धरलं.

"तुमी शिकलेली मानसं. तुमास्नी ठावं असंल. काय म्हनाला हुता?"