रविवारी, तुमच्या घरी

ब्रिनला स्पॅनिश येत होतं, पण बोलता येत नव्हतं. नॉर्थ डकोटातल्या कॉलेजात व्याकरणाला ती कायम पहिली. पण उन्हाळ्याच्या वर्गासाठी मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोला आली, एका उभ्या चढाच्या गल्लीत राहायला लागली, आणि समोरच्यानं तोंड उघडलं की हिच्या कानात नुसत्या मक्याच्या लाह्या फुटायला लागल्या. मग ती गोड हसायची आणि म्हणायची, "हो हो, नक्की, आनंदानं." एवढं एक वाक्य तिचं इतकं सफाईदार होतं की समोरच्याला वाटायचं, पोरीला सगळं कळलं. या वाक्यापायी तिनं भरल्या पोटी तिसऱ्यांदा वाढलेला भात संपवला होता, आणि एकदा तर कुणाचं तरी मांजर सांभाळायला घरी आणलं होतं.

तिच्याच खोलीत राहणारी मार्नीही अमेरिकेतलीच, जॉर्जियाची. तिच्या व्याकरणाचा आनंदीआनंद होता, पण बोलायला लागली की थांबायची नाही. शब्द अडला की हातवारे, हातवाऱ्यांनी भागलं नाही की सरळ नाच. आठवड्याभरात अख्खी गल्ली तिला नावानं हाक मारायला लागली. ब्रिनला गल्ली म्हणायची, "ती दुसरी."

दोघी ज्यांच्या घरी उतरल्या होत्या त्या ओर्तेन्सियाबाई निवृत्त शिक्षिका. शनिवारी पहाटे त्या लेओनला बहिणीकडे गेल्या. "उद्या संध्याकाळी येते. घर तुमचंच समजा, फक्त गॅस बंद करा," एवढं सांगून.

त्याच सकाळी ब्रिनच्या सँडलचा पट्टा तुटला. गल्लीच्या तोंडाशी एवोदियोमास्तरांचं चपला दुरुस्तीचं दुकान होतं. मास्तर दातांत खिळे धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं तर ब्रिनला मुळीच कळायचं नाही. पण त्या दिवशी त्यांनी खिळे काढून हातात घेतले आणि सावकाश म्हणाले, "उद्या मला साठ पूर्ण होतात, पोरी. दुपारी दोनला जेवण ठेवलंय, तुमच्या घरी. गल्लीतली सगळी मंडळी आहेत."

ब्रिनला शब्द न् शब्द कळला. ती इतकी हरखली की तिच्या तोंडून आपोआप निघालं, "हो हो, नक्की, आनंदानं!"

अर्धा चढ चढल्यावर तिचे पाय थबकले. तुमच्या घरी?

"म्हणजे आपल्या घरी?" मार्नी ओरडली. "अख्खी गल्ली? तू नीट ऐकलंस ना?"

"अगदी नीट. 'तुमच्या घरी' म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"'नक्की, आनंदानं' म्हणाले."

मार्नीनं कपाळावर हात मारला. बाईंना फोन लावला, तर तो स्वयंपाकघराच्या खणात वाजायला लागला. बाई फोन घरीच विसरून गेल्या होत्या.

"खाली जाऊन विचार ना त्यांना," मार्नी म्हणाली.

"काय विचारू? साठीच्या माणसाला विचारू, की तुमचा वाढदिवस आमच्या गळ्यात का? बाईंशी ठरलेलंच असणार. त्या सांगायला विसरल्या असतील, फोन विसरल्या तशा."

मग काय, दोघी बाजारात धावल्या. ब्रिनला एकच पदार्थ हमखास जमायचा, तिच्या आजीचं बटाट्याचं सूप. त्यात मैद्याचे छोटे छोटे गोळे शिजवून सोडायचे आणि वरून भरपूर साय. रविवारी सकाळपासून ती बटाटे सोलत होती. मार्नीनं कलिंगडं कापली, जमीन पुसली, बरणीत फुलं खोचली. खुर्च्या मात्र चारच. म्हणून ती शेजारच्या चोन आजोबांकडे मागायला गेली आणि हात हलवत परत आली.

"आजोबा म्हणतात, खुर्च्या सकाळीच एवोदियोमास्तरांनी नेल्या."

"बघ, किती सज्जन माणूस!" ब्रिन म्हणाली. "येताना खुर्च्यासुद्धा स्वतः घेऊन येणार."

दोन वाजले, अडीच झाले. इथे दोन म्हणजे तीन, हे एव्हाना दोघींना पाठ झालं होतं, म्हणून त्या निवांत होत्या. पण तीनही उलटले. खालून गाण्याचा आवाज येत होता, हसण्याचाही. ब्रिन पातेल्यावरचं झाकण काढून बघत होती, परत ठेवत होती.

शेवटी दार वाजलं. मास्तरांच्या बायको चायोबाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या.

"काय गं पोरींनो! तिकडे जेवण गार होतंय, हा माणूस तुमच्यावाचून केक कापत नाही, आणि तुम्ही इथे नटूनथटून बसलात?"

"आम्ही तुमचीच वाट बघतोय," ब्रिन म्हणाली.

"माझी? कुठे?"

"इथे. मास्तर म्हणाले ना, जेवण तुमच्या घरी."

चायोबाईंनी आत डोकावून पाहिलं. मांडलेल्या बश्या, फुलं, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं. त्यांनी एकदा ब्रिनकडे पाहिलं, आणि मग त्या उंबऱ्यावरच बसल्या. आधी खांदे हलायला लागले, मग हसू फुटलं, मग डोळ्यांतून पाणी.

"अगं बाई गं! अगं, 'तुमच्या घरी' म्हणजे आमच्या घरी! ती बोलायची रीत आहे, पोरी. आमचं घर ते तुमचंच, म्हणून तसं म्हणायचं!"

ब्रिनचे कान लालबुंद झाले. जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. "मी नाही येत. मार्नी, तू जा," ती पुटपुटली.

"येत नाही कशी? आणि हे कोण खाणार, माझे पूर्वज?" चायोबाई उठल्या, पदराआड नाक पुसावं तसं ॲप्रनला पुसलं. "धर पातेल्याचा तो कान. मार्नी, तू दुसरा. चला!"

पातेलं निघालं. दोघींच्या मधे सूप हिंदकळत होतं आणि पुढे चायोबाई, "सरका, सरका, गरम आहे!" म्हणत प्रत्येक दारात हकिगत सांगत चालल्या होत्या. पातेलं पोचायच्या आधी हकिगत पोचली. मास्तरांच्या अंगणात हास्याचा एकच कल्लोळ उठला.

एकटे एवोदियोमास्तर हसले नाहीत. ते उठले, ब्रिनच्या हातून पातेलं घेतलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना म्हणतोय, तुमचं घर, तुमचं घर. खरं मानणाऱ्या या दोघीच निघाल्या. पहिली वाटी मला."

त्यांनी त्यात लिंबू पिळलं, दोन चमचे लाल मिरचीची चटणी घातली, आणि आजीच्या सुपाचा रंगच पालटला. मग सगळ्यांनी तसंच केलं. ब्रिननंही चाखून पाहिलं. आजीला सांगण्यासारखं नव्हतं, पण झकास लागत होतं.

जेवताना मास्तरांच्या मेव्हण्यानं एक लांबलचक विनोद सांगितला. सगळे लोळले. ब्रिनच्या ओठांवर तिचं ते ठरलेलं हसू आलं, पण तिनं ते आवरलं.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "परत सांगा. हळू."

मेव्हण्यानं परत सांगितलं, मधे मधे तिनं थांबवलं, शब्द विचारले, चार जणांनी चार अर्थ सांगितले, त्यातच भांडण जुंपलं, आणि विनोद संपेपर्यंत त्यात काही राम उरला नव्हता. तरी ती पोट धरून हसली.

दिवस कलताना ओर्तेन्सियाबाई बसमधून उतरल्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना सगळं कळलं होतं. त्या थेट अंगणात आल्या, पिशवी खाली ठेवली, तळाशी उरलेलं सूप वाटीत घेतलं आणि शाळेतल्यासारखा चेहरा करून एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे."

"अजिबात नाही!" ब्रिन म्हणाली. "तुम्ही खारट खाता."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "वा! हिला बोलता येतं तर." आणि मिठावरून दोघींची जी जुंपली, ती भांडी घासून होईपर्यंत चालली.