गोठलेल्या कोबीला हात लावायचा नाही

सकाळी म्हाताऱ्याने दार उघडलं तर पायरीवरचं पायपुसणं फळीसारखं कडक झालेलं. पायाने ढकललं तर ते अख्खंच्या अख्खं सरकलं. समोर शेतात ब्रसेल्स स्प्राउट्सचे कमरेएवढे दांडे ओळीने उभे होते, आणि दांड्याला खालून वरपर्यंत चिकटलेले अक्रोडाएवढे कोबी पांढरेफटक पडले होते. घरात त्यांना गोटीकोबी म्हणत. नाव त्याच्या बायकोने ठेवलेलं. तिला जाऊन दहा महिने झाले, नाव राहिलं.

"बाबा, साडेसात वाजले." चार दिवसांची रजा काढून आलेली मुलगी हातमोजे घालूनच उभी होती. "तोडायला निघायचं ना? बारा वाजता कारखान्याचं फाटक बंद होतं."

"आधी चहा."

"चहा झाला की आत्ता!"

"मग दुसरा."

गोष्ट अशी होती. त्यांचा माल पॅकिंगच्या कारखान्यात जायचा. तिथे पारखून प्रत लावत: पहिली, दुसरी, नाहीतर नापास. मागच्या हिवाळ्यात बायको दवाखान्यात होती. तिला भेटायची वेळ चुकू नये म्हणून म्हाताऱ्याने गोठलेला कोबी तसाच तोडला. कारखान्यात पोचेपर्यंत बर्फ वितळला आणि एकेका कोबीवर त्याच्या अंगठ्याचा काळा डाग उमटला. सगळा माल नापास. तिच्या खाटेशी बसून त्याने हे सांगितलं, तर ती खोकला लागेस्तोवर हसली.

"लावलात ना हात? तीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय, गोठलेल्या कोबीला हात लावायचा नाही. आधी चहा प्यायचा. अहो, झोपलेला असतो तो. उठू द्या की त्याला!"

त्यानंतर ती तशी हसली नाही.

या वर्षी पहिली प्रत मिळाली नाही, तर माल घेणं बंद, असं कारखान्याने सांगून ठेवलं होतं. आणि तसं झालं तर शेत विकून माझ्याकडे राहायला यायचं, असं मुलीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. खिडकीतून समोरची खिडकी दिसायची. खोली चांगली होती, त्याबद्दल म्हाताऱ्याचं काही म्हणणं नव्हतं. पण तिथे दिवसभर करायचं काय?

साडेआठला शेजारी ट्रॅक्टर घेऊन कुंपणाशी थांबला. सगळीकडे सगळ्यांच्या आधी पोचायची त्याला हौस, म्हणून त्याचं नावच घड्याळ पडलं होतं.

"काय रे, अजून शेगडीशीच? माझ्या चाळीस पेट्या भरल्या! तुझा कोबी काय स्वतःच्या पायांनी चालत जाणार?"

"जाईल. तू हो पुढे."

"बघ हं. मागच्या वर्षी नापास, या वर्षी गैरहजर!" घड्याळ हसत निघून गेला.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. बापलेक शेताच्या कडेला उभे. ऊन ढगाआड अडकलेलं. मुलगी सारखी मनगट बघत होती.

"बाबा, मालच पोचला नाही तर कसली प्रत?"

एकदा म्हाताऱ्याचा हात खिशातून बाहेर आला, अगदी दांड्यापर्यंत गेला. तिथून त्याने तो परत खिशात कोंबला.

दहा वाजून दहा मिनिटांनी ढग सरकला. वरच्या पानाच्या टोकावरून एक थेंब त्याच्या बुटावर पडला. मग दुसरा. बघता बघता सगळं शेत ठिबकायला लागलं आणि पांढऱ्याचं हिरवं झालं.

"उठला," म्हातारा म्हणाला. "चल!"

मग मात्र त्याने मान वर केली नाही. कोबी खालून वर तयार होत जातो, म्हणून खालचे आधी तोडायचे. अंगठ्याने दाबायचा. दगडासारखा लागला तर पेटीत, दबला तर बादलीत. पान पिवळं दिसलं तरी बादलीत. मुलीने एक मोठाच्या मोठा उचलून दाखवला.

"फुगलाय नुसता. आत पोकळ असणार," तो म्हणाला. "हे बघ, असे दोन घ्यायचे आणि कानाशी घासायचे."

किर्रर्र.

"अय्या, ओरडतात!"

"ताजे असले की ओरडतात. तुझी आई म्हणायची, गप्प बसला तो शिळा."

बाराच पेट्या भरल्या. गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा बाराला सहा मिनिटं कमी होती.

आत मालाच्या पेट्यांची रांग लागली होती. पारखणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर घड्याळ तोंड पाडून उभा होता. त्याच्या पेटीतल्या प्रत्येक कोबीवर काळा अंगठा उमटला होता. त्याच्यामागच्या दोघांचंही तेच.

बाईंनी म्हाताऱ्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळातले कोबी काढले. पुसले, उलटसुलट केले. डाग नाही. देठाचा काप पांढराशुभ्र. सुरीने मधोमध चिरला: आत पानांवर पानं गच्च, गाभा आखूड. मग इकडेतिकडे बघून त्यांनी दोन कोबी हळूच कानाशी नेले.

किर्रर्र.

"काका, कधी तोडलेत?"

"सव्वादहाला."

"बाकी सगळे पहाटेच तोडून आले."

"त्यांच्याकडे चहा लवकर संपतो," म्हातारा म्हणाला.

बाईंनी शिक्का उचलला आणि बाराही पेट्यांवर धाडधाड मारला. पहिली प्रत. आज दिवसभरात लागलेली पहिलीच. शेजारच्या टेबलावरची माणसंही बघायला आली.

घड्याळ जवळ आला. "थांबायचं तुला सांगितलं कुणी रे?"

"घरून सांगितलं होतं."

घड्याळाने टोपी काढली, डोकं खाजवलं. "उद्या तुझ्याकडे चहाला येतो," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर मुलगी बराच वेळ पेटीतून घेतलेले दोन कोबी कानाशी घासत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, अगदी आईसारखी.

"बाबा, उद्या किती वाजता तोडायचं?"

"दुसऱ्या चहानंतर." म्हाताऱ्याने गाडी सुरू केली. "आणि ती तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे ना तुझी, ती दे कुणाला तरी."

फाटकातून बाहेर पडताना त्याने हॉर्न वाजवला, जोरात, काही कारण नसताना. मग आणखी एकदा वाजवला.