दिलगिरी आणि सायकल

मावशीने आईची माफी मागितली.

असं काही झालेलं नाही. घरात तसं ठरलंय. त्यामुळे वरचं वाक्य मी लिहिलेलं नाही, तुम्ही वाचलेलं नाही. आता सुरुवात करू.

मी वॉशिंग मशिन बनवणाऱ्या एका कंपनीत ‘ग्राहक आनंद’ विभागात आहे. आनंदाशी आमचा थेट संबंध नाही, आमच्याकडे तक्रारी येतात. मशिन हुशार आहे. त्याला इंटरनेट लागतं, पासवर्ड लागतो, अधूनमधून स्वतःत सुधारणा करायला निवांत वेळ लागतो. कपडे धू म्हटलं की मात्र विचारात पडतं. माझं मत असं, की जिला नुसतं घुसळायचं आणि पिळायचं आहे त्या वस्तूला हुशार करू नये. हुशार माणसं कपडे धुतात का? आमच्या ऑफिसात तरी एकही नाही. हे मी मीटिंगमध्ये बोललो, तेव्हा साहेबांनी मला मशिनपासून लांबचं काम दिलं : आवाज शोधायचं.

म्हणजे फोन करणाऱ्या ग्राहकाला थोपवून धरणारा आवाज. मी मावशीला नेलं. मावशीची सगळी नोकरी बसस्टँडवर घोषणा करण्यात गेली. गाडी येणारच नाही हे ती इतक्या गोडीने सांगायची की लोक समाधानाने घरी परतायचे. तिने एका दमात सगळी वाक्यं रेकॉर्ड करून दिली आणि चहा बरा नव्हता असं सांगून गेली.

त्यानंतर सायकल झाली. आजोबांचं घर आवरताना मावशीने आईची शाळेतली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली, न विचारता. त्याच सायकलवर आईने तिला शिकवलं होतं. “गंजली होती गं, तुझं आपलं काहीतरीच,” मावशी म्हणाली. आईने बोलणं टाकलं. मधे मी. “तुझ्या मावशीला सांग.” “तुझ्या आईला म्हणावं.” तेव्हापासून बसलो की माझा गुडघा आपोआप हलतो.

मग आईचं मशिन बंद पडलं. आमच्याच कंपनीचं, मीच आग्रहाने दिलेलं. आत पाणी, पाण्यात चादरी, दार कुलूपबंद, आणि थांबून थांबून टुंई. आईने कंपनीला फोन लावून स्पीकर सुरू केला. मी खोलीभर येरझाऱ्या घालत होतो.

“झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत,” मावशी म्हणाली.

टुंई. आईने पदराने डोळे टिपले.

“बरं बाई. जाऊ दे आता.”

ग्राहक ‘बरं’ म्हणाला की तक्रार मिटली, असा आमचा नियम आहे. मिटली. चादरी आतच. आणि मी अडवायच्या आत आईने मावशीला फोन करून सांगितलं, “मोठ्या मनाने माफी मागितलीस, विषय संपला.”

थोड्या वेळाने मावशी दारात. पर्स काखेत, श्वास वर.

“मी? माफी? कधी?”

“सगळ्यांदेखत. हा होता ना इथे.”

मी पडदा सरळ करायला लागलो.

“अगं ते रेकॉर्डिंग! आणि सायकलच्या किती आधीचं!”

“म्हणजे आधीपासूनच मनात होतं,” आई म्हणाली.

मावशी धपकन खुर्चीत बसली. “पगार घेऊन बोललेय मी ते.”

“फुकट बोल मग.”

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल दिलगीर असलेली बाई, स्वतः भंगारात दिलेल्या सायकलपाशी येऊन अडली. टुंई. माझा गुडघा टेबलाला लागून कप वाजत होते. ही आता उठून गेली, तर मला पुन्हा निरोप्याची नोकरी.

“लाव रे,” शेवटी मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. “ऐकू दे कसं म्हटलंय.”

मी कंपनीचा फोन लावला. दोघी मान खाली घालून ऐकत बसल्या. दिलगीर आहोत, दिलगीर आहोत.

“घाईत म्हटलंय,” मावशी पुटपुटली. “नीट म्हणायला हवं होतं मी.”

“पोचलं,” आई म्हणाली. “पण कुठे बोलायचं नाही.”

तेव्हापासून मावशी रोज येते. दोघी चादरींसाठी फोन लावतात, वाक्य येईपर्यंत भांडतात, वाक्य आलं की थांबतात. ‘बरं’ कुणीही म्हणत नाही.

आज ऑफिसात सूचना आली : सोमवारपासून जुना आवाज काढून संगणकाने तयार केलेला, सदैव आनंदी आवाज बसवणार. त्याला दिलगिरी येत नाही. म्हणून हा अर्ज.

मा. व्यवस्थापक, ग्राहक आनंद विभाग, यांस : विनंती की, सदर आवाज बदलण्यात येऊ नये, आमच्या घरच्या मशिनची तक्रार कायमस्वरूपी प्रलंबित ठेवावी व ते दुरुस्त करण्यास कोणासही पाठवू नये, तसेच दिलगिरीच्या वाक्यात ‘गैरसोयीबद्दल’ या शब्दानंतर ‘व सायकलीबद्दल’ एवढा मजकूर सर्व ग्राहकांसाठी समाविष्ट करण्यात यावा.