पडेगावची एकतीस नावं

सांडूनं पुस्तक खाटेवर आपटलं. "हा म्हणं आवडाबाईंचा चरित्रकार! लिहितो काय, तर रेडिओनं बाईंना कधी जवळच केलं नाय. आरं, दर गुरुवारी बाईंचं गाणं लागायचं! आपण ऐकलं ना?"

"ऐकलं की," सखाराम म्हणाला. त्याच्या चहावर साय धरली होती.

"म्हणून तर विशाखाताई नवं चरित्र लिहितायत. फर्माईश वाचणाऱ्या निवेदकाची जुनी वही घावली त्यांना. एकट्या पडेगावची एकतीस नावं! आज त्या माणसांनाच भेटायला येतायत, अन् तू सुतक असल्यागत बसला."

विशाखाला सखारामचा नंबर सांडूनंच दिला होता, बजाजनगरहून तो सकाळीच आला होता. त्याला ठाऊक नव्हतं, ती एकतीसही नावं फर्माईशीच्या कार्डांवर सखारामनं एकट्यानं घातली होती. तीस वर्षांखाली. एकाच माणसाच्या कार्डावर रेडिओ गाणं लावणार तरी किती वेळा? म्हणून वस्तीतल्या घराघरांतलं एकेक नाव, कधी निळ्या शाईनं, कधी डाव्या हातानं. कुणालाच विचारलं नव्हतं. हे ठाऊक होतं एकट्या मुक्ताबाईला, त्याच्या बायकोला.

आता ते छापून आलं, तर लोक म्हणणार, बाईंचं गाणं लबाडीवर वाजलं. आणि बाई तर उत्तर द्यायला उरल्या नव्हत्या. 

विशाखा आली. पोरगीच होती, पाठीवर पिशवी, हातात वही. ती टेकते न टेकते तोच सखाराम उठून उभा राहिला.

"ताई, आधी ऐका. ती कार्डं समदी माझी. मीच लिहिली. यांतल्या कुणी फर्माईश केली नाय."

सांडूचा चहा मिशीतच राहिला. "सख्या!"

विशाखाचं पेन थांबलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पुढं शेजारची वच्छलाबाई, मागं पंधरा-वीस माणसं. सगळ्यांना मुक्ताबाईनं बोलावलं होतं.

"अहो, आता तरी बसा," मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाली.

"सखारामभाऊ, आमाला काय येडं समजलात?" वच्छलाबाई पदर सावरत म्हणाली. "मला अक्षर येत नव्हतं, मग कार्ड काय भुतानं टाकलं? ताई, मी तवा खडी फोडायची. मुकादम हाक मारायचा, ए काळे. त्या गुरुवारी रेडिओतला माणूस म्हणला, पडेगावहून वच्छलाबाई साबळे यांची फर्माईश. बाई! 'बाई' लावून नाव, आडनावासकट. हातातला हातोडा तसाच राहिला. मग बाईंचं गाणं लागलं."

ती थांबली, आणि बसल्या जागी गुणगुणली:

*पहाटेच्या पारी बाई, उजेड दारी आला*
*माझ्या नावाच्या पाटीला लेकानं रंग दिला*

अंगणातल्या बाया दुसऱ्या ओळीला आपसूक मिळाल्या.

"त्या दिवसापासून एक गुरुवार सोडला नाय," ती म्हणाली. "नाव यांनी घातलं. ऐकलं आमी."

"माझा बाप तर चुलत्याच्या घरून रेडिओ मागून आणायचा," मागून राजकुमार म्हणाला. "नाव लागलं की चहा पाजायचा साऱ्या गल्लीला."

विशाखानं आपल्या वहीचं कोरं पान उघडलं. मग म्हणाली, "काका, हे असंच लिहू? कार्डांसकट?"

सखारामनं मुक्ताबाईकडं पाहिलं. ती हसत होती. छातीवरची धोंड कुणी तरी अलगद उतरवून ठेवावी, तसं त्याला झालं.

"लिहा. डाव्या हाताचं पण लिहा."

विशाखानं निवेदकाच्या वहीची प्रत काढून नावं वाचायला घेतली. नावागणिक कुणी 'हाय' म्हणालं, मेलेल्यांसाठी लेकीसुना 'हाय' म्हणाल्या. एकतीस झाली. सांडू बोटांवर मोजत होता, तो एकदम ओरडला, "आरं लबाडा, यात तुझं नाव कुठंय?"

"माझं कशाला?" सखाराम म्हणाला. "मी तर ऐकतच व्हतो."

आणि त्यानं तो गार चहा सायीसकट एका दमात पिऊन टाकला.